छावणीतले मारधाडीचे पिच्चर

दूध संस्थेच्या सेक्रेटरीला लोक एरवी दोनच प्रश्न विचारतात: फॅट किती लागली आणि बिल कधी निघणार. दुष्काळाच्या वर्षी आमच्या संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली, तेव्हा त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली. ताई, आज पिच्चर कोणता?

नोकरीबद्दल लिहा म्हटल्यावर मी सवयीप्रमाणे आधी मुद्दे काढले. दुधात पाणी घालणाऱ्यांच्या युक्त्या, टँकर न आल्यामुळे नासलेलं दूध, तपासणीला येऊन दिवसभर फक्त ताक पिणारा एक साहेब. यादी चांगली झाली होती. पण लिहायला बसले की दर वेळी छावणीच पुढे येते. म्हणून बाकीचं बाजूला ठेवलं.

आमची संस्था महिलांची. बीडहून निघालं की लिंबागणेशच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. चेअरमन बाई, संचालक बाया, सेक्रेटरी मी. कागदावर एकही पुरुष नाही. बैठकीत मात्र चेअरमनबाईंचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते दारातल्या खुर्चीवर बसायचे. "तुमीच ठरवा, आमाला काय कळतंय," असं म्हणायचे आणि जाताना काय ठरलं ते आम्हाला सांगून जायचे. माणूस वाईट नव्हता. छावणी घ्यायचं त्यांनीच ठरवलं आणि त्या उन्हाळ्यात ते ठरवलं नसतं, तर आमच्या भागातली निम्मी जनावरं बाजारात कवडीमोलानं गेली असती.

छावणी म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. रानात चारा नाही, विहिरीत पाणी नाही, अशा वर्षी सरकार संस्थांना परवानगी देतं. मोकळं माळरान घ्यायचं, त्यावर दावणी पाडायच्या, वर शेडनेट बांधायचं. शेतकरी आपली जनावरं आणून बांधतो आणि घरातलं एक माणूस त्यांच्यापाशी राहतं. प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला. मोठ्या जनावराला ठरलेल्या वजनाचा चारा, लहानाला त्याच्या निम्मा. रोज संध्याकाळी काट्यावर मोजून द्यायचा. पाण्याचा टँकर, पेंड, डॉक्टरची फेरी. कधीही तहसीलचा माणूस येऊन डोकी मोजणार, आणि बिल्ला एक अन् जनावर दुसरं असं सापडलं की सगळ्यांचीच पंचाईत. बघता बघता त्या माळावर एक गाव वसतं. चुली पेटतात, भांडणं होतात, सोयरिकी जमतात. आमच्या छावणीत एक लग्न ठरलं. गावात ठरायला त्याला दोन वर्षं लागली असती.

माझं काम व्यवस्थेचं. पत्र्याच्या शेडमध्ये मी भिंतीला दोन याद्या चिकटवल्या होत्या, एक सकाळच्या कामांची, एक संध्याकाळच्या. शिवाय माझा एक नियम होता. कुणाविषयी तक्रार आली तर ती त्याच दिवशी त्या माणसाच्या कानावर घालायची. तक्रार मुरू दिली की तिला नासलेल्या दुधाचा वास येतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत या नियमानं मला कधी दगा दिला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मोठी अडचण आली ती मुलांची. शाळांना सुट्टी लागलेली. बापाबरोबर, आजोबाबरोबर आलेली मुलं दिवसभर सावलीला बसायची आणि ऊन उतरलं की उंडारायची. नेमकी तीच वेळ चारा वाटपाची. उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, गाड्या दावणीतून मागे येतात, भुकेली जनावरं दावं ओढतात, माणसं काट्यापाशी गर्दी करतात, आणि त्यात ही पोरं पायात पायात. एक दिवस एका लहान मुलीचा फ्रॉक चाकाखाली आला. मुलगी वाचली ती फ्रॉक फाटला म्हणून.

मी बसून विचार केला. ओरडून उपयोग नाही. एका जागी बसवायला हवं आणि त्यांनी स्वतःहून बसायला हवं. गणेश मंडळाचा प्रोजेक्टर आणला, दोन बांबूंना पांढरी चादर बांधली, जनरेटरवरून लाइट घेतली. माझा भाऊ सिरसाळ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी तो सीड्या भाड्यानं द्यायचा. न खपलेल्या सीड्यांचं एक पोतंच त्याच्याकडे पडून होतं. ते मी एसटीतून आणलं.

आता पोत्यात काय काय होतं आणि कशानं मुलं बसतात, याचा मी रीतसर अंदाज घेतला. पहिल्या दिवशी देवाधर्माचा लावला. निम्मी मुलं आरती संपायच्या आत उठली. दुसऱ्या दिवशी कौटुंबिक. मुलं उठलीच, वर बाया येऊन बसल्या, रडल्या, आणि धारा काढायला उशीर झाला. विनोदी बरा चालला, पण हसायला आलं की पोरं एकमेकांच्या अंगावर पडत आणि मग खरीच मारामारी लागे. चौथ्या दिवशी मारधाडीचा लावला. एकही मूल हललं नाही. तलवार, कोयता, बंदूक, काचेच्या तावदानातून बाहेर फेकलेली माणसं. मुलं मांडी घालून, तोंड उघडं ठेवून बसली होती. वाटप संपलं, गाड्या गेल्या, तरी ती बसलेलीच. मी भावाला फोन केला आणि सांगितलं, तसलेच असतील तेवढे सगळे बाजूला काढ.

यात मला काही वावगं वाटलं नाही. आम्हीही तेच बघत वाढलो होतो. आमच्या वस्तीत जयंतीच्या आठवड्यात वर्गणी काढून व्हिडिओ आणायचे. आधी बाबासाहेबांवरची गाणी, मग ओळीनं तीन पिच्चर, आणि त्यातला एक तरी रक्तानं माखलेला. मी दहा-अकरा वर्षांची असेन. गावातल्या एका पाटलासारखा दिसणारा खलनायक मार खायला लागला की आमची अख्खी गल्ली उभी राहायची. त्या आनंदात काय काय मिसळलेलं होतं ते आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की शेवटी आपला माणूस जिंकतो. त्यानं माझं काही बिघडलं असं मला तरी वाटत नव्हतं.

तक्रार आली ती वेगळीच. रंगूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, एक म्हैस घेऊन आलेल्या. त्या काट्यापाशी येऊन म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या गोळीबारानं माझी म्हैस पान्हा चोरायली. रोज एक लिटर कमी. तुमच्या हिरोला म्हणावं जरा दमानं."

लोक हसले, पण बाईचं बरोबर होतं. मोठ्या आवाजानं म्हैस बिचकते आणि दूध वर ओढून धरते. मी त्याच दिवशी धारांची वेळ आधी घेतली, स्पीकरचं तोंड फिरवलं आणि पडद्याची जागा दावणीपासून लांब, काट्याच्या मागच्या बाजूला नेली. म्हैस पुन्हा पूर्ववत झाली. संध्याकाळच्या यादीत मी एक ओळ वाढवली: धारा, मग पिच्चर, मग वाटप. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती व्यवस्था बघून बाकीच्या छावण्यांनाही सांगतो म्हटलं. मला बरं वाटलं. छावणी उठेपर्यंत एकाही पोराला गाडी लागली नाही, हे आजही मी मान वर करून सांगते.

मंदा त्या मुलांमधली. दहा वर्षांची असेल. तिचा बाप एकनाथ, दोन बैल आणि एक गाय घेऊन आला होता. बायकोला बाळंतपण होऊन महिनाच झालेला, म्हणून ती घरी आणि स्वयंपाकाला म्हणून ही पोर बापाबरोबर. दोन विटांच्या चुलीवर ती भाकरी थापायची आणि मोठ्या बाईसारखी बापाला वाढायची. एकनाथ फार बोलणारा माणूस नव्हता. रांगेत कुणी पुढे घुसलं तर तो एक पाऊल मागे व्हायचा. बैलांशी मात्र बोलायचा. थोरल्या बैलाचं नाव पाखऱ्या. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून पाखऱ्या. एकनाथनं मानेवर हात टाकला की तो डोळे मिटून घ्यायचा. आपल्या उभ्या आयुष्यात या बैलाला चाबूक दाखवला नाही, असं एकनाथ सांगायचा आणि त्यात बढाई नव्हती.

मंदा बापासारखी अजिबात नव्हती. पिच्चरमधली मारामारी तिला जशीच्या तशी सांगता यायची. ज्यांना चाऱ्याच्या रांगेत थांबावं लागलं त्या पोरांना ती दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या सावलीत गोळा करायची आणि सगळा पिच्चर करून दाखवायची. हिरो, खलनायक, मरणारा बाप, रडणारी आई, सगळं तीच. मोठी माणसंही थांबून बघायची. मीसुद्धा एकदा पेंडीचा हिशेब बाजूला ठेवून बघत उभी राहिले. एका मुलानं तिला विचारलं, हिरो पहिल्यांदाच का मारत नाही, एवढा मार कशाला खातो.

"त्याबिगर मजा न्हाई," मंदा म्हणाली. "आधी मार खायचा. खाली पडायचं. लोकं हसतेत, हसू द्यायचं. मंग उठायचं, अन् एकदा उठला की मंग कुणाच्या बापाचं ऐकायचं न्हाई."

नानांचा पुतण्या बबलू वाटपावर असायचा. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, डोळ्याला काळा चष्मा, तोही संध्याकाळचा. नवी मोटारसायकल. त्याची पिढीही आमच्यासारखीच पडद्यावरून शिकलेली. गाडीवरून उतरायची त्याची एक ढब होती. ती कुठल्या पिच्चरमधली हे मुलं अचूक ओळखायची. कामाला तो चपळ होता आणि वजनात मारत नव्हता. राग मात्र नाकावर.

त्या दिवशी सीडी अडकली. चरा गेलेली सीडी होती, मारामारीच्या मध्यातच चित्र थांबलं. पोरं ओरडायला लागली. मी काट्यावर होते, वजन सोडून जाता येईना. एवढ्यात पाखऱ्यानं कसं कोण जाणे दावं सोडवलं आणि वाढ्याच्या वासानं थेट काट्याकडे आला. खाल्लं काहीच नाही. बबलूच्या मोटारसायकलला मान घासली. बैल घासतात तशी, गोचिडीची खाज असते. गाडी आडवी झाली, आरसा फुटला, पुढचा दिवाही गेला.

एकनाथ रांगेतून पळत आला, दाव्याला हात घातला. बबलूनं विचारलंही नाही. त्यानं एकनाथच्या कानाखाली दिली. एकनाथ तोल जाऊन वाढ्याच्या ढिगावर पडला. टोपी लांब उडाली. तो उठतोय तोवर दुसरी दिली, आणि एक लाथ. शिवी देऊन म्हणाला, "जनावर सांभाळता येत न्हाई तर छावणीत कावून आणलं बे? उद्या तिन्ही बिल्ले काढून हाकलतो बघ."

हे घडलं काट्यापाशी. पोरं आमच्याकडे पाठ करून बसलेली होती, पण पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. आवाज झाला तशी ती सगळी एकदम मागे वळली. बसल्या जागी वळली आणि तशीच बसून राहिली. ओळीनं, मांडी घालून. घाबरलं कुणीच नाही. मधे मंदा होती. ती उभी राहिली आणि शेजारच्या पोरांना तिनं हातानं थांबवलं.

"थांबा," ती म्हणाली. "आता उठंल बघा आबा."

मी ते स्वच्छ ऐकलं. तिच्या आवाजात भीती नव्हती. पुढे काय होणार हे तिला माहीत होतं.

एकनाथ उठला. टोपी उचलली, मांडीवर आपटून झटकली आणि डोक्यावर ठेवली. मग त्यानं हात जोडले. "चुकलं मालक," म्हणाला. "जनावर हाय. बिल्ले नगा काढू."

तोवर मी मधे गेले होते. बबलूला मागे ढकललं, दोन माणसांनी त्याला धरलं. कुणीतरी पाखऱ्याला दावणीला नेलं. हे सगळं व्हायला काहीच वेळ लागला नाही. मुलांमध्ये कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग सीडी आपोआप सुटली, मारामारी पुढे सुरू झाली आणि पोरं पुन्हा तिकडे वळली. मंदाही वळली. तिनं तो पिच्चर शेवटपर्यंत बघितला आणि एकदाही मागे पाहिलं नाही.

एकनाथचं वागणं मला समजत होतं. त्यानं हात उगारला असता तर बैल आणि गाय दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली असती. जवळपास दुसरी छावणी नव्हती. कपिलधारच्या डोंगरालासुद्धा त्या वर्षी हिरवं नव्हतं. घरात बाळंतीण होती. त्यानं जे केलं ते हिशेबानं केलं, आणि हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. तीन गोष्टी करायच्या ठरवल्या. पहिली, चेअरमनबाईंशी बोलणं. बाई ऐकून लाल झाल्या. त्यांनी नानांना न विचारता पुतण्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्या बाईंनी स्वतःहून घेतलेला तो पहिला निर्णय, आणि त्यानंतर नाना बैठकीला जरा कमी येऊ लागले, तो भाग वेगळा. बबलूनं काट्यापाशी उभं राहून "माफी असावी काका" म्हटलं. एकनाथनं घाईघाईनं पुन्हा हात जोडले. माफी मागणारा ताठ उभा आणि ज्याची मागायची तो वाकलेला, असं ते दिसत होतं.

दुसरी गोष्ट, पिच्चर बंद. इथे माझा अंदाज साफ चुकला. पिच्चर का बंद झाले याचं कारण मुलांनी स्वतःच शोधलं. मंदाच्या बापानं मार खाल्ला म्हणून. दोन दिवसांत टँकरच्या सावलीत नवा खेळ सुरू झाला. एकानं कानाखाली द्यायची, दुसऱ्यानं टोपी झटकून हात जोडायचे. तेवढाच पिच्चर. मंदा तिथे जाईनाशी झाली. भाकरी करायची, बापापुढे ताट सरकवायची आणि स्वतः गायीच्या पलीकडे जाऊन जेवायची. चार दिवस असं गेल्यावर मी तिसरी गोष्ट केली. मंदाला शेडमध्ये बोलावलं.

मी तिला नीट समजावून सांगितलं. बिल्ले काढले असते तर काय झालं असतं, पाखऱ्या कुठं गेला असता, आबानं कशासाठी ऐकून घेतलं. ती भिंतीवरच्या याद्या वाचत उभी होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुमी तिथंच व्हता की."

मी म्हटलं, हो, होते. मधे पडले.

"दोन मारल्यावर पडल्या." मग म्हणाली, "पिच्चरमदी हिरोच्या बापाला मारतेत. लई मारतेत. पर ते मरतंय तरी. आमच्या आबानं टोपी झटकली."

मी तिला गुळाचा खडा दिला, तो तिनं घेतला नाही.

आता इथे माझा तो नियम आडवा आला. तक्रार त्याच दिवशी त्या माणसाच्या कानावर घालायची. मला खरोखर वाटलं की बापाला कळलं पाहिजे, म्हणजे तो पोरीशी बोलेल, तिला जवळ घेईल, आणि हे मिटेल. संध्याकाळी एकनाथ चारा न्यायला आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं आणि पोर काय म्हणाली ते सांगितलं. शब्द न बदलता सांगितलं. निरोप मी कधी बदलून सांगत नाही. त्यानं ऐकलं. वाढ्याची पेंढी खांद्यावर तशीच होती.

"मरतंय तरी म्हणली?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, लहान आहे, पिच्चर बघून बोलते. तुम्ही तिच्याशी बोला.

"बोलतो की," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दावणीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावले. पोरं माझ्या पुढे धावत होती. पाखऱ्या खुंट्याला आखूड बांधलेला होता आणि एकनाथ त्याला मारत होता. चाबूक नव्हताच त्याच्याकडे. शेडनेटचा बांबू उपसून घेतला होता. बैल आधी जागच्या जागी फिरला, मग त्यानं गुडघे टेकले. तो शिंग उगारत नव्हता. मारणारा कोण आहे ते बघायला मान मागे वळवायचा, आणि ओळखीचा माणूस दिसला की पुन्हा समोर बघायचा. पाठीवर वळ उठून फुटले होते. एकनाथचा चेहरा मला ओळखू आला नाही. तो बैलाकडे बघतच नव्हता. चुलीपाशी उभ्या असलेल्या मंदाकडे बघून मारत होता.

"हे बघ," तो म्हणत होता. "बघ मंदे. मला बी मारता येतंय. बघ."

पुरुषमाणसं लांबच उभी होती, बांबूच्या आवाक्याबाहेर. मंदा पुढे गेली आणि बैलाच्या मानेवर आडवी पडली. हवेतला बांबू हवेतच राहिला.

"नगं आबा," ती म्हणाली. "बास. दिसलं मला."

एकनाथनं बांबू टाकला आणि तिथेच खाली बसला.

पुढचं काम माझ्या हातचं होतं, ते केलं. डॉक्टर यायच्या आत जखमा पाण्यानं धुतल्या, औषध लावलं, माश्या बसू नयेत म्हणून वर कडुनिंबाचं तेल. डोळ्याजवळची एक जखम टाके घालण्यासारखी होती. बबलूसुद्धा आला होता. त्यानं काळा चष्मा काढला, बैलाकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "ताई, मी एवढं न्हाई मारलं वो." मी त्याला पाणी आणायला पाठवलं. त्यानं तीन-चार बादल्या आणल्या आणि नंतरचे दोन दिवस तो वाटपावर आला नाही. पुढे तो ग्रामपंचायतीत निवडून आला. भाषणं बरी करतो.

पोरीनं बापाबरोबर जेवायला सुरुवात केली, त्याच दिवसापासून. त्याच्या समोर बसायची, त्याला वाढायची, त्याचं ताट उचलायची. बघणाऱ्याला वाटलं असतं की मिटलं. पण ती आता त्याच्याशी आजारी माणसाशी वागतात तशी वागायची. पिच्चर मी पुन्हा लावले नाहीत. मुलांसाठी गोष्टी सांगायला एक निवृत्त गुरुजी यायचे, त्यांच्याकडे निम्मीच मुलं बसायची, आणि उरलेल्या निम्म्यांच्या मागे वाटप होईपर्यंत मी दोन बाया ठेवल्या होत्या. एकदा कुणीतरी मंदाला म्हटलं, तू सांग की एखादा पिच्चर. ती म्हणाली, मला आठवत न्हाई. तिला सगळे आठवत होते, हे त्या टँकरच्या सावलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पाखऱ्याच्या जखमा भरल्या. पण एकनाथ जवळ गेला की त्याच्या अंगावरचं कातडं थरथरायचं. एकनाथनं हात पुढे केला की तो दावं ताणून मागे सरायचा, खुंटा उपसेपर्यंत. एकनाथ पेंड पुढे ठेवून लांब जाऊन बसायचा, तेव्हा कुठं तो खायचा. जनावराला माफी मागायची सोय नाही. एकनाथ रोज सकाळी एकदा हात पुढे करून बघायचा आणि मागे घ्यायचा. मी ते शेडमधून बघायचे. भिंतीवर याद्या होत्या, त्यात यासाठी करण्यासारखं काहीच नव्हतं.

या गोष्टीचा दोष मी कुणाकुणाला देऊन बघितला आहे. पिच्चरना, बबलूला, माझ्या भावाच्या पोत्याला. मुलांना एका जागी बसवायचं होतं, आणि त्यासाठी जे सगळ्यात जास्त चाललं ते मी लावलं. ते का चालतं हे विचारणं माझ्या कामात येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पोरीला पिच्चरनं जे शिकवलं त्याच्यापेक्षा, ते मी बापाला जसंच्या तसं नेऊन सांगितलं, हे मला जास्त लागतं. दोन ओळी गाळल्या असत्या तर चाललं असतं. सहकारात आम्ही काय थोडं गाळतो?

मृगाचा पाऊस झाला, रानात तण दिसायला लागलं आणि छावणी मोडायचा आदेश आला. छावणी मोडणं हेही एक काम असतं. बिल्ले काढायचे, जनावर मालकाच्या ताब्यात दिल्याची सही घ्यायची, शेणाचा लिलाव, खड्डे बुजवणं. सकाळपासून एकेक कुटुंब निघत होतं. रंगूबाईंची म्हैस टेंपोत चढेना, तिला चढवायला सात जण लागले आणि त्या सातही जणांना रंगूबाईंनी शिव्या दिल्या.

एकनाथची जनावरं चालतच जाणार होती, गाव फार लांब नव्हतं. सही करताना मी त्याला म्हटलं, येत जा संस्थेकडे. तो हो म्हणाला. मग त्यानं धाकटा बैल आणि गाय एका मुलाच्या हाती पुढे पाठवली. पाखऱ्याचं दावं मंदानं सोडलं. बैल तिच्या मागं मुकाट चालू लागला, तिच्या खांद्याएवढी तर त्याची मान. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, बाप बोलायचा तसंच. एकनाथनं भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि उभा राहिला. ती दोघं रस्त्याला लागली, वळणापर्यंत गेली, तरी तो उभाच होता. मी विचारलं, का थांबलात?

"जाऊ द्या त्येला म्होरं," तो म्हणाला. "माझा वास लागला की बुजतंय."

मग पुरेसं अंतर पडल्यावर तो निघाला. रस्ता सोडून, कडेच्या बाभळींच्या आडोशानं चालत गेला, बैलाला दिसू नये म्हणून.